ट्रॅक्टर एक आणि आम्ही अडतीस: शेतीच्या एक वर्षाच्या प्रॅक्टिकल कोर्सचा रिव्ह्यू

कॉलेजचं नाव लिहीत नाहीये, कारण माझी मार्कशीट अजून त्यांच्याकडेच आहे. हडपसर मागे टाकलं की तासाभराच्या अंतरावर आहे एवढं पुरे. प्रायव्हेट कॉलेज, स्वतःचं पंचवीसेक एकर रान, विहीर, एक शेततळं, अकरा गायी, एक पॉलिहाऊस (त्याच्यावर पुढे बोलतो) आणि एक वर्षाचा 'शेतीकामाचा प्रात्यक्षिक अभ्यासक्रम'. फी ७२ हजार, हॉस्टेल-मेस महिन्याला साडेचार हजार वेगळे. मी गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पूर्ण केला. स्टार द्यायचेच तर पाचातले साडेतीन, आणि त्यातले अडीच एकट्या मुकादम मामांचे आहेत.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे रिव्ह्यू कुठल्या चष्म्यातनं वाचायचा ते कळेल. बीकॉम, सहा वर्षं खराडीत एका बँकेच्या बॅक ऑफिसला, रात्रपाळी, मान धरलेली, पोट सुटलेलं. घर फुरसुंगीत. आबांची सासवडच्या अलीकडं तीन एकर जमीन, त्यात दीड एकर सीताफळ, थोडे अंजीर आणि बाकी कधी सोयाबीन कधी वाटाणा कधी नुसतंच गवत. आमच्याकडं दिवे घाट चढला की विषय एकच असतो, विमानतळ होणार का आणि गुंठ्याचा भाव किती. मला मात्र ते रान करायचं होतं आणि करता येत नव्हतं, म्हणजे अगदी फवारणीच्या पंपाचं नोझल कुठल्या बाजूनं उघडतं इथपासून. आबांना विचारलं की ते म्हणायचे तुला नाही जमायचं, सरक, आणि स्वतः करून टाकायचे. चाळीस वर्षं शेती केलेला माणूस शिकवू शकतोच असं नाही हे मला तेव्हा कळलं, म्हणून फी भरून दुसरीकडं शिकायला गेलो. आईनं नातेवाइकांना चार महिने सांगितलंच नाही की मी नोकरी सोडलीय.

बीएस्सी ॲग्रीचं वय गेलेलं. तिकडं बारावी सायन्स, सीईटी, मग चार वर्षं, आणि त्यात गावात जाऊन राहायचा तो 'रावे'चा भाग शेवटच्या वर्षात येतो (गावात बॅनर लागतात ना, कृषिदूतांचे आणि कृषिकन्यांचे, तेच). दहावीनंतरचा कृषी पदविकेचा कोर्सही चांगला असतो म्हणतात, पण एकोणतिसाव्या वर्षी सोळा वर्षांच्या पोरांत बसायचं म्हणजे. शिवाजीनगरच्या ॲग्रीकल्चर कॉलेजसमोरनं मी शंभर वेळा गेलो असेन, शंभर वर्षांपेक्षा जुनं कॉलेज, शहराच्या मधोमध एवढं हिरवं रान, पण आत माझ्यासारख्याला घालायला जागा नाही. म्हणून हे प्रायव्हेट.

आता कोर्सचं. रोज सकाळी साडेसहाला रानात हजेरी, साडेदहापर्यंत काम, मग आंघोळ-जेवण, दुपारी दोन लेक्चर आणि संध्याकाळी आळीपाळीनं गोठा. कागदावर हे असंच लिहिलंय आणि प्रत्यक्षातही बऱ्यापैकी असंच झालं, ही सगळ्यात मोठी जमेची बाजू, कारण बाकी ठिकाणी प्रॅक्टिकल म्हणजे सरांनी कुदळ हातात धरायची आणि बाकीच्यांनी फोटो काढायचे असं असतं हे मी दोन ठिकाणी जाऊन बघितलं होतं. इथं पहिल्या आठवड्यात माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले आणि तिसऱ्या आठवड्यात ते गेले.

मामा म्हणजे तिथले शेतावरचे मुकादम. साठीचे, शिक्षण सातवी, डोक्याला टोपी, आणि कॉलेजच्या वेबसाइटवर त्यांचं नाव कुठंच नाही. पीएचडीवाल्या तीन सरांचे फोटो आहेत, त्यातले दोघं वर्षभरात मला मोजून चारदा दिसले. मला पहिले दोन महिने मामा 'साहेब' म्हणायचे, मुद्दाम, कारण मी पहिल्या दिवशी पांढरे बूट घालून गेलो होतो.

वाफसा, म्हणजे मशागत करता येईल एवढीच ओल रानात असणं, ही गोष्ट मला मामांनी शिकवली आणि त्या एका गोष्टीचे मी अर्धी फी द्यायला तयार आहे. झालं असं, ऑगस्टमध्ये चार दिवस पाऊस लागून राहिला, पाचव्या दिवशी उघडलं, टाइमटेबलवर मंगळवारी सोयाबीनची कोळपणी (ओळींमधलं तण काढणं) होती. आमचे तरुण सर (एमएस्सी, मनापासून शिकवणारा माणूस, त्यांच्याबद्दल तक्रार नाही) म्हणाले चला, ऊन पडलंय, वर माती वाळलीय. मामा कोळपं धरूनच बसले, हलेनात. मग उठले, चार बोटं खालची माती काढली, मुठीत दाबून लाडू केला आणि छातीच्या उंचीवरनं सोडला. लाडू खाली पडला आणि पडला तसाच राहिला, थोडा चपटा झाला इतकंच. मामा म्हणाले, "हा फुटला तर या." आणि विडी पेटवून निघून गेले. बुधवारी परत लाडू, परत तसाच. गुरुवारी सकाळी लाडू पडला आणि त्याचे चार-पाच तुकडे होऊन माती मोकळी झाली आणि तेव्हा कोळपं असं काही चाललं की मलासुद्धा सरळ रेषेत धरता आलं. ओल्यात घातलं असतं तर पात्याला चिखल धरला असता, माती तुडवून घट्ट झाली असती आणि तण मुळासकट उपटायच्याऐवजी नुसतं इकडचं तिकडं लागलं असतं. परीक्षेत 'वाफसा म्हणजे काय' दोन मार्काला होतं, मी पाच ओळी लिहिल्या, जमिनीच्या कणांमधल्या पोकळीत पाणी आणि हवा यांचं योग्य प्रमाण वगैरे. पण घरी आबांच्या रानात मी आता लाडूच सोडतो.

सरांनीही चांगलं शिकवलं ते हिशोबाचं. खताचं गणित. पिशवीवर ४६ टक्के नत्र लिहिलंय म्हणजे १०० किलोत ४६ किलो, मग शिफारस १०० किलो नत्राची असेल तर युरिया लागतो २१७ किलो, आणि युरियाची गोणी ४५ किलोची, म्हणजे पाचाला थोड्या कमी. एवढं सोपं आहे. पण आमच्याकडं 'एकराला दोन गोण्या' ह्या मापानं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, पीक कुठलंही असो. आणि गोणी पूर्वी ५० ची होती ती ४५ ची झाली तरी दोन म्हणजे दोनच.

माती परीक्षणाचंही तसंच. इंग्रजी व्ही सारखा वीतभर खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारखी चकती काढायची, रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती गोळा करायची, झाडाखालची नको, बांधालगतची नको, शेणखताचा ढीग होता तिथली तर नकोच. मग सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन फेकायचे, परत चार भाग, असं करत अर्धा किलो राहीपर्यंत. आबांनी आजवर दोनदा माती तपासलीय आणि दोन्ही वेळा विहिरीजवळची दिलीय कारण तिथं ओली असते आणि खणायला सोपी. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी जाऊन रीतसर नमुना घेतला, तर सामू (पीएच) ८.२ आणि चुनखडी भरपूर, आणि अंजिराची पानं शिरा सोडून पिवळी का पडतात त्याचं उत्तर तिथं होतं. चुनखडीच्या जमिनीत लोह असून झाडाला घेता येत नाही. आबा रिपोर्ट बघून म्हणाले मशीन बिघडलं असेल. असो.

ट्रॅक्टरवर येतो, कारण तक्रारींचा गाभा तिथं आहे. ॲडमिशनच्या वेळी ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या होत्या पाच मुलांमागे एक ट्रॅक्टर. प्रत्यक्षात ट्रॅक्टर एक आणि आम्ही अडतीस. दुसरा होता, शेडमध्ये, पुढची चाकं काढलेला, त्याच्या सीटवर मांजरीनं पिल्लं घातली होती. जो चालू होता तोही नेमका ऑक्टोबरात, रब्बीच्या मशागतीच्या वेळी, क्लच प्लेट गेली म्हणून सतरा दिवस गॅरेजला. सतरा मी मोजलेत. त्या सतरा दिवसांत आम्ही वर्गात फळ्यावर पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) म्हणजे काय, ५४० आरपीएम म्हणजे काय, थ्री पॉइंट लिंकेजचे (अवजार जोडतात त्या सांध्याचे) तीन पॉइंट कुठले ते लिहून घेतलं. मला ट्रॅक्टरचे भाग पाठ झाले आणि ट्रॅक्टर चालवता येत नव्हता, अशी अवस्था.

नंतर आला तेव्हा प्रत्येकाला आठवड्याला वीस-पंचवीस मिनिटं मिळायची. नुसता ट्रॅक्टर पुढं न्यायला कुणालाही येतं, दोन दिवसात. खरी परीक्षा ट्रॉली जोडून मागं घ्यायची. शेडच्या दारात दोन ड्रम ठेवलेले आणि त्यांच्या मधनं ट्रॉली आत घालायची. कार चालवणाऱ्याला हे दुप्पट अवघड जातं कारण हाताला सवय उलटी असते, इथं मागं घेताना स्टेअरिंग डावीकडं फिरवलं की ट्रॉलीचं शेपूट उजवीकडं जातं, आणि ते जातंय हे कळेपर्यंत इतकं गेलेलं असतं की ट्रॅक्टर आणि ट्रॉली काटकोनात उभे. मग पुढं घ्या, सरळ करा, परत. मी नऊ वेळा ड्रम पाडला. दहाव्या वेळी मामा मडगार्डवर येऊन बसले आणि म्हणाले, "ट्रॉलीकडं बघ की रे. स्टेअरिंगकडं काय बघतो, ते काय पळून चाललंय?" मान पूर्ण मागं वळवली, स्टेअरिंग अगदी थोडं थोडं, जणू दुधाच्या पातेल्याखालचा गॅस बारीक करतोय असं, आणि ट्रॉली गेली. त्या दिवसापासून मी साहेबचा 'ए सासवड' झालो.

आमच्या बॅचमध्ये सगळ्यात भारी ट्रॅक्टर कोण चालवायचं माहितीये? धायरीच्या एक ताई, वय एकेचाळीस, नवरा गेल्यावर सासरची जमीन स्वतः बघायची म्हणून आलेल्या. पहिल्या दिवशी पोरं हसली होती. फेब्रुवारीत त्यांनी रोटाव्हेटर मारलेलं रान आणि आम्ही मारलेलं रान शेजारी शेजारी होतं आणि कुणाचं कुठलं हे सांगायची गरज नव्हती. मुलींसाठी सोय कशी असं कुणी विचारलं तर हॉस्टेल स्वच्छ आहे, वॉर्डन बरी आहे, पण रानात बाथरूम नाही, साडेसहा ते साडेदहा चार तास, आणि ही तक्रार ताईंनी तीनदा लेखी दिली. होतंय, करतोय, प्लंबर येणार आहे, असं म्हणत वर्ष संपलं.

बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवर फवारायचं औषध, मात्र झकास शिकवलं, प्रत्येकाकडनं वेगवेगळं करून घेतलं. एक टक्क्याचं, म्हणजे एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी, आम्ही दहा लिटरला शंभर-शंभर ग्रॅम घेतलं. मोरचूद रात्रीच प्लास्टिकच्या बादलीत भिजत घालायचा, लोखंडाची किंवा पत्र्याची बादली अजिबात नाही. चुना वेगळा विझवायचा, गाळायचा, आणि मग दोन्ही द्रावणं दोघांनी दोन बाजूंनी एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतायची, तिसरा काठीनं ढवळणार. आकाशासारखा निळा रंग येतो, बघत बसावं असा. मग त्यात लोखंडी विळा बुडवायचा, मिनिटभर ठेवायचा, बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस थर दिसला तर तांबं मोकळं आहे, पानं करपतील, चुना अजून घाला. माझ्या विळ्यावर दोनदा तांबं चढलं कारण चुना जुना होता, हवेनं मेलेला. केलेलं त्याच दिवशी फवारायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. हे सगळं दुकानदार सांगत नाही, तो तयार पुडी देतो.

फांद्या छाटल्यावर लावायची दहा टक्क्यांची बोर्डो पेस्टही तिथंच शिकलो, तीच ह्या वर्षी आमच्या सीताफळांच्या खोडांना लावली. रस्त्यावरनं जाणाऱ्यांनी विचारलं झाडांना निळे पायमोजे का घातलेत.

कलमं शिकवायला बाहेरनं एक नर्सरीवाले काका यायचे. डाळिंबाची गुटी (झाडावरच्याच फांदीला मुळं फोडायची) बांधायला शिकलो, पेन्सिलीएवढी फांदी, इंचभर साल गोल काढायची, आतला बुळबुळीतपणा पुसून घ्यायचा, ओलं शेवाळ लावायचं आणि प्लास्टिक दोन्हीकडनं घट्ट, पाणी आत जाता कामा नये आणि ओल बाहेर येता कामा नये. महिना-दीड महिन्यानी प्लास्टिकमधनं पांढरी मुळं दिसायला लागतात. मी दहा बांधल्या, चार लागल्या. काकांच्या पंचवीसातल्या चोवीस लागतात. फरक विचारला तर म्हणाले, "तू सुतळी आवळताना श्वास सोडतोस." ह्यावर काय बोलणार.

गोठ्याचं मी थोडक्यात सांगतो कारण मला गायींची भीती वाटते आणि वर्षभरात ती कमी झाली, गेली नाही. दुधाची फॅट काढायची जुनी गर्बर पद्धत करून घेतली हे चांगलं, हल्ली मशीनवर आकडा येतो आणि तो कशावरनं येतो कुणाला माहीत नसतं. ब्युटिरोमीटरमध्ये आधी १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, मग १०.७५ मिली दूध कडेनं हळूच, मग १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावून उलटंसुलटं करायचं आणि काच हातात अशी तापते की सोडून द्यावीशी वाटते. (एकानं सोडली. ॲप्रन घातला होता म्हणून निभावलं, पँटला भोक पडलं.) मग सेंट्रिफ्यूज, मग गरम पाण्यात, मग वर जमलेला पिवळा थर वाचायचा. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) धरून ठरतो आणि पॉइंट खाली आला की पैसे कापतात, ते फॅटचे पॉइंट म्हणजे हा थर, एवढं डोळ्यांनी बघितल्यावर डेअरीतल्या पावतीकडं बघायची नजरच बदलते.

आता पॉलिहाऊस. ब्रोशरच्या कव्हरवर जरबेराच्या लाल-पिवळ्या फुलांच्या रांगा आहेत. तो फोटो कुठला आहे मला माहीत नाही, इथला नाही. इथल्या पॉलिहाऊसचा कागद पश्चिमेच्या बाजूनं फाटलेला, आत ढोबळी मिरचीची वीस-पंचवीस झाडं आणि पोरांचे कपडे वाळत घातलेले. पॉलिहाऊसच शिकायचं असेल तर तळेगाव दाभाड्याला त्यासाठीचं ट्रेनिंग सेंटर आहे, थोड्या दिवसांचं ट्रेनिंग असतं, आम्हाला तिथं एक दिवस नेलं होतं आणि त्या एका दिवसात जास्त कळलं. ड्रोनचंही तेच, 'ड्रोन फवारणी' म्हणून ब्रोशरमध्ये पान आहे, डिसेंबरात एकदा भाड्यानं आणला, दहा मिनिटं उडाला, सगळ्यांचे रिमोट धरून फोटो झाले, गेला. मला त्याची बॅटरी किती वेळ चालते हेसुद्धा विचारता आलं नाही.

सहली मात्र मनापासून काढल्या. मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट दोन्ही एकाच दिवशी. माझ्या घरापासून बाइकवर पाऊण तास पण नाही आणि मी जन्मात गेलो नव्हतो. द्राक्षाची वेल खाली वेगळी आणि वर वेगळी असते, खाली डॉगरिजसारखा खुंट आणि वर हवी ती जात भरतात, हे मला माहीतच नव्हतं, मी द्राक्षं खाणारा माणूस. ऊसवाल्यांनी एक डोळ्याची रोपं दाखवली, ट्रेमध्ये, टिपरी (उसाचे कांडे) न लावता, बेणं किती वाचतं ते टनात सांगितलं. बसमध्ये येताना आमच्या तरुण सरांनी हॅरॉल्ड मान यांच्याबद्दल सांगितलं, ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल होते, ब्रिटिशांच्या काळात, आणि त्यांनी पिंपळे सौदागर गावात घरोघर जाऊन कुणाची किती जमीन आणि पिढीगणिक तिचे कसे तुकडे होत गेले ते सगळं मोजलं, १९१७ साली छापलं. बसमध्ये पिंपळे सौदागरला राहणारा एक जण होता, तो म्हणाला आमच्या सोसायटीत आता प्रत्येकाकडं तुकडाच आहे, बाराव्या मजल्यावर. सगळे हसले. मी आमच्या तीन एकरांत काकांचा आणि आत्यांचा हिस्सा किती निघेल ते मोजत बसलो.

आणि आता जी गोष्ट वर्षभर शिकवायला पाहिजे होती आणि एकच दिवस शिकवली ती. विकायचं कसं.

जानेवारीत आमच्या गटाची मेथी आली. दहा गुंठे, महिनाभरात तयार, एक नंबर पालेदार, आम्ही तिला रोज बघायला जायचो. संध्याकाळी उपटून, धुऊन, जुड्या बांधून सहाशे जुड्या झाल्या. रात्री दोनला टेम्पो, साडेतीनला गुलटेकडी मार्केट यार्ड. तुम्ही पुण्यात राहत असाल आणि पहाटे साडेतीनला मार्केट यार्ड बघितलं नसेल तर एकदा जाच, थंडीत वाफा येताहेत, हमाल 'बाजू, बाजू' करत पळताहेत, कोथिंबिरीचे डोंगर, आणि त्या डोंगरांकडं बघूनच मला कळलं की आपलं काही खरं नाही. त्या दिवशी मेथीच मेथी. एक जण आला, आमची एक जुडी उचलली, झटकली, दुसरी उचलली, म्हणाला, "एक हाताएवढी, एक बोटाएवढी, कुणी बांधल्यात?" आम्ही बांधल्या होत्या. शेकडा चारशेनं गेली. म्हणजे चार रुपये जुडी, सहाशे जुड्यांचे २,४०० रुपये. टेम्पोचे १,५००. आमची मजुरी फुकट होती, पण तेच काम चार बायका लावून केलं असतं तर साडेतीनशेनं १,४०० रुपये. हमाली, बी, खत, पाणी सोडून द्या, तरी पाचशे रुपये खिशातनं. दिवस उजाडल्यावर यार्डाबाहेर चहा पिताना बाजूलाच हातगाडीवर मेथी वीस रुपये जुडी चालली होती. आमचीच होती की नाही देवाला माहीत.

परत आल्यावर ह्या पट्टीवर (विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर) लेक्चर व्हायला पाहिजे होतं ना? कुठल्या दिवशी आवक जास्त असते, जुडी एकसारखी का पाहिजे, दहा गुंठे एकदम टाकायच्याऐवजी आठ-आठ दिवसांच्या अंतरानं दोन-दोन गुंठे टाकली असती तर, सोसायट्यांना थेट दिली असती तर. काही नाही. दुसऱ्या दिवशी टाइमटेबलवर 'व्यक्तिमत्त्व विकास' होतं, पुण्यातनं एक सर आले आणि त्यांनी आम्हाला हात कसा मिळवायचा ते शिकवलं. फोड येऊन कडक झालेले अडतीस हात.

नोकरीसाठी जाणार असाल तर हे वाचा. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणजे औषध-खताच्या कंपन्यांत फील्डवर, बाइक आपली, टार्गेट त्यांचं. आमच्यातले अकरा जण गेले, त्यातले सहा मला माहिती आहे त्याप्रमाणे दिवाळीपर्यंत सोडून आले. वाईट काम आहे असं नाही पण शेती शिकून शेतकऱ्याच्या गळ्यात बाटली मारायची हे काहींना झेपत नाही. कृषी सेवा केंद्र टाकायचं असेल तर ह्या सर्टिफिकेटवर लायसन मिळेल का ते ॲडमिशनच्या आधी लेखी विचारून घ्या, ऑफिसात तोंडी 'हो हो' म्हणतात. ज्याला फक्त एखादं पीक किंवा एखादी गोष्ट शिकायचीय, मधमाश्या, ठिबक, रोपवाटिका, त्यानं बारामती किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राची ट्रेनिंगं बघावीत, वर्ष घालवायची गरज नाही.

मेसबद्दल सगळे विचारतात. शेतात जे येतं ते ताटात, ही कल्पना ऐकायला छान आहे. नोव्हेंबर ते जानेवारी वांगी आली. भरलेलं, रस्स्याचं, भरीत, खिचडीत वांगं. आईनं संक्रांतीला भोगीच्या भाजीत वांगं घातलं तेव्हा मी ताटावरनं उठलो होतो. दूध मात्र चांगलं, आम्हीच काढलेलं.

मग जावं का? ज्याच्याकडं जमीन आहे, थोडी का असेना, आणि जो रोज साडेसहाला उठून खरंच रानात उभा राहणार आहे त्यानं जावं. कोर्सच्या वहीपेक्षा तिथली माणसं बघून जावं. ॲडमिशनला जाताना त्यांच्या ओपन डेला जाऊ नका, त्या दिवशी गायींनासुद्धा आंघोळ घालतात. कुठल्यातरी साध्या मंगळवारी सकाळी सात वाजता न सांगता जा, शेडमध्ये डोकवा, चालू ट्रॅक्टर किती ते मोजा, आणि टोपीवाले मामा अजून कामावर आहेत का ते विचारा. पुढच्या वर्षी रिटायर होणार म्हणत होते. ते नसतील तर माझे साडेतीनचे स्टार एकावर आणा.

आबांचं म्हणाल तर कौतुक वगैरे काही नाही. फक्त मे महिन्यात शेणखताची ट्रॉली आली, ड्रायव्हरला गोठ्याच्या बोळात मागं घेता येईना, दोनदा भिंतीला घासली, तेव्हा आबा त्याला म्हणाले, "उतर, आमचा पोरगा घेतो." आणि स्वतः बांधावर जाऊन पाठ करून उभे राहिले, बघायला नको म्हणून.

मार्कशीटसाठी काल परत फोन केला होता. मॅडम म्हणाल्या सरांची सही राहिलीय, सोमवारी या. सोमवारी आमच्याकडं दिवसाची लाइट आहे, मला पाणी धरायचंय.